कपाशीचें शेत आणि मधमाशांची बोली



यवतमाळहून वणीकडे जाणारी वाट करंजीस हैदराबादचा मोठा रस्ता ओलांडते आणि मारेगांवावरून पुढें जाते. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास या वाटेनें गेलेल्या प्रवाशाला दोन्ही अंगांस काळ्या जमिनीवर पसरलेली हिरवी पऱ्हाटी दिसते, मधून मधून तुरीच्या ओळी दिसतात, आणि पाठीवर पंप बांधून फवारीत चाललेला एखादा माणूसही बहुधा दिसतोच. गाडीच्या खिडकींतून त्या औषधाचा वास आंत येतो. प्रवासी क्षणभर नाकाला रुमाल लावतो आणि विसरून जातो. मीही पुष्कळ वेळां असाच विसरलों आहें. आज मात्र त्या वासाविषयींच बोलावयाचें आहे, आणि तेंही त्याच शेतांत राबणाऱ्या दुसऱ्या एका समाजाच्या बाजूनें. हा समाज मधमाशांचा.

इतिहासावरील भाषणांत माशांचें काय काम, असें कोणी विचारील. वऱ्हाडच्या कपाशीचा इतिहास आपण सावकार, आगगाडी, मँचेस्टरच्या गिरण्या आणि शेतकऱ्यांचें कर्ज यांच्या तोंडून वारंवार ऐकला आहे. परंतु त्याच इतिहासाचा एक धागा मोहोळांतून गेलेला आहे, आणि तो उलगडून पाहिला म्हणजे विष म्हणजे काय व तें मोजावें कसें, याविषयींची आपली समजूत किती उथळ होती हें ध्यानांत येतें.

प्रथम या समाजाची थोडी ओळख करून घेऊं. आपल्याकडे मधमाशांच्या मुख्य जाति म्हणजे झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या पोकळींत राहणारी सातेरी, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढें पोळें लावणारी फुलोरी, आणि सर्वांत उग्र अशी आग्या माशी. शिवाय डंख नसलेली चिमुकली पोयाची माशी आहेच. आग्या मोहोळ म्हणजे उंच फांदीला उघड्यावर लोंबणारें एकच मोठें पोळें व त्यावर माशांचा जिवंत पडदा. गांधीलमाशी जवळ आली कीं त्या पडद्यावरून एक लाट सरकते. शेंकडों माशा क्षणाक्षणाच्या अंतरानें आपलीं पोटें वर उचलतात आणि शत्रु बिचकून मागें फिरतो. कोणी हुकूम देत नाहीं. ज्या माशीला आपण राणी म्हणतों ती राज्य करीत नाहीं, अंडीं घालते. पिलांना भरवणें, त्यांच्या घरट्याची ऊब पस्तीस अंशांच्या आसपास ठेवणें, दाराशीं पहारा करणें, मध पिकवणें हीं सारीं कामें माशामाशांत चालणाऱ्या स्पर्शाच्या, गंधाच्या व हालचालींच्या निरोपांवर उभीं आहेत. एकटी माशी हा एक दुबळा कीटक आहे. निरोप थांबले तर मोहोळ म्हणजे अशा दुबळ्या कीटकांचा नुसता ढीग.

या निरोपांतला सर्वांत नवलाचा निरोप उलगडला तो महायुद्धाच्या धुमाळींत. म्यूनिकचे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश हे मधमाशांवर कित्येक वर्षें प्रयोग करीत होते. १९४४ च्या उन्हाळ्यांत, बाँबहल्ल्यांपासून दूर ऑस्ट्रियांतल्या आपल्या खेडेगांवच्या घरीं काम करीत असतां, त्यांच्या ध्यानांत आलें कीं चारा शोधून परतलेली माशी पोळ्यावर जो नाच करते त्यांत अंतराची खूण असते; आणि पुढें लवकरच दिशेचीही खूण त्यांना सांपडली. ही माशी पोळ्याच्या उभ्या अंगावर पोट थरथरवीत एका सरळ रेषेंत धांवते, वळसा घेऊन मूळ जागीं येते व पुन्हां धांवते. रेषा सरळ वर गेली तर फुलें सूर्याच्या दिशेला आहेत; ती जितकी उजवीकडे कलली तितकीं फुलें सूर्याच्या उजवीकडे. थरथरत धांवणें जितका वेळ चाललें तितकें अंतर अधिक. एक सेकंद म्हणजे ढोबळ मानानें एक किलोमीटर. काळोख्या पोळ्यांत सोबतिणी तिच्या अंगाला अंग लावून हें सारें वाचतात आणि कधींही न पाहिलेल्या शेताकडे उडतात. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनीं पुढें सिंहलद्वीपांत येऊन आपल्या सातेरी, फुलोरी व आग्या माशांचे नाच अभ्यासले. फुलोरीचा नाच पोळ्याच्या वरच्या सपाट माथ्यावर होतो आणि तेथें ती सरळ फुलांच्या दिशेनेंच धांवते. सूर्याचा कोन उभ्या भिंतीवर मांडण्याची युक्ति तिला साधलेली नाहीं. फ्रिश यांना १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां त्याच १९४४ सालाकडे पुन्हां या. जर्मनींत गेर्हार्ड श्राडर नांवाचे एक रसायनशास्त्रज्ञ किडी मारण्याचें द्रव्य शोधीत होते. याच शोधांत असतां १९३६ सालीं त्यांच्या हातीं टाबून हा मज्जाघातक वायु लागला होता व त्याचा ताबा लष्करानें घेतला होता. १९४४ मध्यें त्यांनीं त्याच कुळांतलें पॅरॅथिऑन तयार केलें. माणसाच्या व किड्याच्या शरीरांत एका मज्जातंतूकडून दुसऱ्याकडे निरोप नेणारें एक द्रव्य असतें, आणि निरोप पोंचतांच तें पुसून टाकणारें दुसरें. पॅरॅथिऑन या पुसणाऱ्याचे हात बांधून ठेवतें. जुना निरोप पुसला जात नाहीं, मज्जा बडबडत राहते, स्नायु थरथरतात आणि अखेर श्वास थांबतो. म्हणजे मधमाशीची बोली समजली त्याच वर्षीं ती बोली बिघडवणारें विषही जन्मास आलें. हा योगायोग आहे हें मी जाणतों. तरी तो मला विसरतां येत नाहीं.

विषानें मधमाशा मरतात ही गोष्ट कांहीं नवी नव्हती. गेल्याच्या मागच्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत फळबागांवर सोमलाचीं मिश्रणें फवारूं लागले तेव्हांपासून मधपाळांची ओरड सुरू होती. परंतु ती ओरड मेलेल्या माशांविषयीं होती. पेटीपुढें मुठीमुठीनें माशा मरून पडल्या कीं नुकसान झालें. पडल्या नाहींत तर कांहीं झालें नाहीं. शास्त्रानेंही मापन याच रीतीनें बसवलें. १९२७ सालीं ट्रेव्हन या इंग्रज संशोधकानें औषधांची तीव्रता ताडण्यासाठीं एक माप सुचविलें: ज्या मात्रेनें प्रयोगांतले निम्मे प्राणी मरतात ती मात्रा. तें माप सोयीचें, हिशेबी व निःसंदिग्ध असल्यामुळें जगभर रूढ झालें. मात्र त्याला एकच प्रश्न विचारतां येतो, प्राणी मेला कीं जगला. जगलेला प्राणी पूर्वींसारखा वागतो कीं नाहीं, हें त्या मापाच्या कक्षेंतच येत नाहीं.

तो दुसरा प्रश्न पॅरॅथिऑनविषयीं १९७० सालीं श्रिकर आणि स्टीफन या दोघांनीं विचारला. त्यांनीं चारा आणणाऱ्या माशांना मरणार नाहींत इतकी थोडी मात्रा पाजली आणि त्यांचा नाच पाहिला. माशा उडत होत्या, साखरपाणी आणीत होत्या, परतून उत्साहानें नाचतही होत्या. पण पोळ्याच्या उभ्या अंगावर त्या कोन चुकीचा मांडूं लागल्या. लक्षांत घ्या, वरवर पाहणाऱ्यास त्या निरोगी वाटल्या असत्या; त्यांचा बिघाड समाजाशीं बोलतांनाच तेवढा उघडा पडत होता.

येथें आपण वऱ्हाडांत परत येऊं, कारण तेंच १९७० साल आपल्या कपाशीच्याही कुंडलींत मोठें आहे. मारेगांवचा मुलूख ज्या जिल्ह्यांत येतो तो इंग्रजी अमदानींत आधीं वणीच्या नांवानें ओळखला जाई. १९०५ पासून तो यवतमाळ जिल्हा झाला. बनी, जरी हे येथले जुने देशी वाण. त्यांना कीड लागत नसे असें नव्हे, पण तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींना ते बरेच दाद देत नसत, आणि फवारा ही वस्तुच शेतकऱ्यास ठाऊक नव्हती. स्वातंत्र्य मिळालें तेव्हां देशांतली बहुतेक कपाशी देशीच होती. मग लांब धाग्याची मागणी आली, अमेरिकन जातीचे वाण आले, आणि १९७० सालीं सुरतेस डॉ. सी. टी. पटेल यांनीं एच-४ हा संकर काढला. जगांतला व्यापारी लागवडीचा पहिला संकरित कापूस तो हाच. धागा सुरेख, उत्पन्न भरघोस, पण झाड नाजुक. तुडतुडे, मावा, पांढरी माशी, बोंडअळी या सर्वांस तें मेजवानीसारखें. बीएचसीची भुकटी, पॅरॅथिऑनच्या कुळांतलीं द्रावणें, १९८० नंतर पायरेथ्रॉइड, अशीं एकामागून एक औषधें आलीं. शतकाच्या अखेरीस अशी स्थिति होती कीं देशाच्या लागवडीपैकीं सुमारें ५ टक्के जमीन कपाशीची, आणि शेतींत वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांचा जवळजवळ निम्मा भाग तिच्यावर पडे.

शहरांतल्या घरांत बसून कपाशीच्या फुलाकडे माशी कशाला जाईल असें वाटतें. पण कपाशीचें फूल सकाळीं पांढरट पिवळें उमलतें आणि संध्याकाळपर्यंत गुलाबी होऊन मिटतें. त्या एका दिवसांत त्यांत मकरंद असतो. शिवाय पानाच्या पाठच्या शिरेवर व फुलाबाहेरही मधुरसाच्या ग्रंथि असतात. फुलोऱ्यांतली पऱ्हाटी म्हणजे माशांच्या दृष्टीनें वाटेवरचें अन्नछत्रच. तिच्या शेजारीं तूर. पऱ्हाटीवर उडालेला फवारा तुरीवर पडतोच.

सरकारला विषाची जाणीव झाली ती एका भीषण प्रसंगानें. १९५८ सालीं केरळांत पॅरॅथिऑन मिसळलेलें धान्यपीठ खाण्यांत येऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं. चौकशी झाली आणि पुढें १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याच्या नियमांनीं प्रत्येक डब्यावर रंगीत चौकोन छापावयास लावला, व त्या चौकोनाच्या खालच्या त्रिकोणांत लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग भरून विषाची तीव्रता दाखवावी असें ठरविलें. निरक्षर माणसालाही रंग कळतो. कल्पना चांगलीच होती. परंतु तो रंग ठरतो कशावरून? ट्रेव्हनच्याच मापावरून. निम्मे प्राणी किती मात्रेला मरतात, एवढेंच त्या त्रिकोणाला ठाऊक.

हें माप अपुरें आहे याचा अनुभव पुढच्या पिढीच्या औषधांनीं आणून दिला. तंबाखूच्या काढ्यानें कीड मरते हें आपल्या आजोबांनाही ठाऊक होतें. त्या काढ्यांतल्या निकोटीनच्या धर्तीवर बनविलेलीं नवीं द्रव्यें १९९० च्या सुमारास बाजारांत आलीं. त्यांतलें इमिडाक्लोप्रिड आज प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडीं आहे. सस्तन प्राण्यांना तें जुन्या विषांपेक्षां सौम्य, म्हणून त्रिकोण पिवळा. बियाण्याला चोपडलें तरी तें रोपाच्या रसांतून पानापर्यंत चढतें, आणि मकरंदांत व परागांत अल्प प्रमाणांत उतरतें. २००२ सालीं आपल्याकडे बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीसाठीं होणाऱ्या फवारण्या कांहीं वर्षें खरोखरच घटल्या. हें कबूल केलेंच पाहिजे. पण रसशोषक किडींवर बीटीचा उपाय चालत नाहीं, आणि तें बियाणें बहुधा इमिडाक्लोप्रिडचा लेप घेऊनच पाकिटांतून येऊं लागलें.

फ्रान्समधील मधपाळांना याआधींच कांहीं वेगळें जाणवलें होतें. सूर्यफुलाच्या हंगामांत पेट्या ओस पडत; पण पेटीपुढें मेलेल्या माशांचा खच नसे. माशा जात आणि येत नसत. १९९९ सालीं फ्रान्सनें सूर्यफुलाच्या बियाण्यावर इमिडाक्लोप्रिड वापरणें स्थगित केलें, आणि मग प्रयोगशाळांनीं ट्रेव्हनचें माप बाजूला ठेवून वागणुकीकडे पाहण्यास आरंभ केला. २०१२ मध्यें फ्रेंच संशोधकांनीं माशांच्या पाठीवर सूक्ष्म बिल्ले चिकटवून दाखविलें कीं याच कुळांतल्या थायामेथोक्झामची न मारणारी मात्रा मिळालेल्या पुष्कळशा माशा घरची वाट चुकतात. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत आढळलें कीं इमिडाक्लोप्रिडचा अंश पोटांत गेलेली माशी कमी गोड मकरंद नाकारते व परतल्यावर नाचते ती कित्येक पटींनीं कमी. २०१४ मध्यें चीनमध्यें आपल्या सातेरीच्याच जातीवर प्रयोग झाला. गांधीलमाशी बसलेल्या फुलाजवळ निरोगी सातेरी जात नाहीं. विष मिळालेलीला ती भीतीच उरली नाहीं.

मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग आहे तो २०१८ सालचा, हार्वर्डचा. तेथें भुंग्यासारख्या केसाळ बंबल माशांच्या वसाहती घेऊन प्रत्येकीच्या पाठीवर खुणेचा चौकोन चिकटविला आणि यंत्राच्या डोळ्यानें रात्रंदिवस घरट्यावर नजर ठेवली. इमिडाक्लोप्रिड मिळालेल्या माशा एकमेकींपासून दूर, घरट्याच्या कडेला राहूं लागल्या. पिलांजवळ जाणें कमी झालें. आणि हा बदल दिवसापेक्षां रात्रीं अधिक होता. थंडी पडली म्हणजे निरोगी वसाहत घरट्यावर मेणाचें पांघरूण घालते. विष मिळालेल्या एकाही वसाहतीनें तें घातलें नाहीं. माशा जिवंत होत्या, घरांत होत्या, भुकेल्याही नव्हत्या. फक्त शेजार तुटला होता.

मीं हें वाचलें तेव्हां २०१७ चा पावसाळा आठवला. त्या वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशी दाट आणि माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. गुलाबी बोंडअळीनें बीटीलाही दाद देणें सोडलें होतें. आणि दोन-तीन औषधें एकत्र करून, पंप पाठीवर घेऊन, मजूर त्या झाडींतून फवारीत चालले होते. फवारा खालीं पडण्याऐवजीं तोंडावर येई. शेंकडों माणसें दवाखान्यांत दाखल झालीं. डोळ्यांपुढें अंधारी, थरथर, ओकाऱ्या, कोणी भ्रमिष्टासारखें बोलणारे. जिल्ह्यांत वीसाहून अधिक मृत्यु झाले. सरकारनें चौकशी-पथक नेमलें, आणि यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या पांच जिल्ह्यांत पांच औषधांची विक्री साठ दिवस बंद केली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतें, तसेंच फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड यांचें मिश्रणही होतें. मजुरांनीं हातमोजे आणि मुखपट्टी वापरली नाहीं म्हणून त्यांनाच दोष देणारीं भाषणें त्या काळांत मीं पुष्कळ ऐकलीं. आश्विनांतल्या उकाड्यांत, चिखलांतून, वीस लिटरांचें ओझें घेऊन मुखपट्टीसह तासभर चालून पाहिलेला माणूस तसें भाषण करणार नाहीं. ज्या ढगांत तीं माणसें उभीं होतीं त्याच ढगांत त्या शेतांतल्या माशाही होत्या, आणि दोघांच्याही शरीरांत विष मज्जेच्या निरोपांनाच धरीत होतें.

त्यानंतर कांहीं दारें बंद झालीं. मिथाइल पॅरॅथिऑनवर २०१८ मध्यें बंदी आली, मोनोक्रोटोफॉसवर २०२३ मध्यें. युरोपानें इमिडाक्लोप्रिड व त्याचीं दोन भावंडें २०१८ सालीं उघड्या शेतांतून हद्दपार केलीं. आपल्याकडे तें पिवळ्या त्रिकोणासह मिळतें.

मागें मारेगांवापासून जवळच एका परिचितांकडे माझा मुक्काम होता. दिवस मार्गशीर्षाचे, तुरीला फूल. यजमानांनीं बांधावर सातेरीच्या दोन पेट्या ठेवल्या होत्या. त्यांना मीं हार्वर्डच्या माशांची हकीकत सांगितली. ते थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "भाऊ, मेलेली माशी दिसते तरी. आमच्या पहिल्या पेट्यांतली माशी मेली नाहीं, ती नुसती येईनाशी झाली. आम्हाले वाटलं, दुसरीकडं गेली असंल." मीं विचारलें, मग आतां काय करतां? त्यांचें करणें साधें होतें. स्वतःच्या तुरीवर फुलोऱ्यांत ते फवारीत नाहींत. अगदींच भाग पडलें तर सूर्य मावळून माशा घरीं परतल्यावर. आणि शेजाऱ्यांना एक विनंति करून ठेवली होती, कीं तुम्ही फवारणार असाल तर आदल्या संध्याकाळीं निरोप धाडा.

मी तेथें असतांनाच तसा निरोप आला. शेजारच्या बाईंचा मुलगा सायकलवरून येऊन सांगून गेला, उद्यां सकाळीं पंप चालणार. अंधार पडल्यावर यजमान कंदील घेऊन बांधावर गेले. पाण्यांत भिजवलेलीं गोणपाटें त्यांनीं दोन्ही पेट्यांवर टाकलीं आणि दारांशीं नीट दाबून बसवलीं. आंतून माशांचा मंद घोष ऐकूं येत होता. परततांना त्यांनीं कंदील वर करून नाल्याकांठच्या वडाकडे दाखविलें. त्याच्या उंच फांदीला आग्याचीं तीन मोहोळें लोंबत होतीं, आणि तीं झांकण्याची कांहींच सोय नव्हती.